कोठाऱ्याची वाट

आमच्या लहानपणीं आमच्या घरांत एक शब्द उच्चारावयाचा नाहीं, असा न लिहिलेला दंडक होता. तो शब्द अपशब्द नव्हता, किंवा कोणा वैऱ्याचें नांवही नव्हतें. परतवाड्याजवळच्या एका जागेचें तें नांव होतें : कोठारा. अचलपुराहून सकाळीं निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला सहज परत येईल, इतकी ती जागा जवळ. परंतु आमच्या वाड्यांतलें कोणी त्या वाटेला गेल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. वडील माणसांच्या बोलण्यांत चुकून तो शब्द आलाच, तर आजी उठून माजघरांत जाई, आणि बोलणारा खाकरून दुसऱ्या विषयाकडे वळे.

कोठाऱ्यास महारोग्यांचें इस्पितळ आहे, आणि तें ख्रिस्ती मिशनचें आहे, एवढी माहिती आम्हांला शाळेंतल्या सोबत्यांकडून मिळाली. बाकीची मिळण्यास वयाचीं चाळीस वर्षें उलटावीं लागलीं. ती कशी मिळाली हें सांगितल्याशिवाय मिशनऱ्यांच्या कार्याविषयींचें आमचें मत वाचकांपुढें ठेवण्याचा आम्हांला अधिकार नाहीं, असें वाटतें. या विषयावर मत नाहीं असा सुशिक्षित मराठी माणूस सहसा आढळत नाहीं. मत मात्र बहुधा वडिलोपार्जित असतें. शेतीसारखें तें वारशानें येतें, आणि त्याची पुन्हां मोजणी करून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

आमच्या आजोबांना एक धाकटे बंधू होते. आम्हीं त्यांना पाहिलें नाहीं. घरांत त्यांची तसबीरही नव्हती. मॅट्रिक होऊन ते कचेरींत कारकून म्हणून लागले होते, अक्षर मोत्यासारखें होतें, आणि लग्नाला तीन वर्षें झालीं होतीं. एके दिवशीं चुलीजवळ बसले असतां निखारा हाताला लागला, कातडी जळल्याचा वास आला, तरी त्यांना तें समजलें नाहीं. डाव्या कोपराखालीं एक फिकट चट्टा होता. त्याकडे तोंवर कोणाचें लक्ष गेलें नव्हतें. पुढचा क्रम जुन्या घरांतल्या माणसांना सांगावयास नको. वैद्य झाले, अंगारे झाले. बायकोला माहेरीं पोंचविण्यांत आलें. धाकट्या आजोबांचें पान आधीं ओसरीवर आणि मग परसांतल्या खोलींत वाढलें जाऊं लागलें. आणि दुसरें महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास एका पहाटे वाड्याच्या मागच्या दाराशीं रेंगी जोडली गेली. गांवांत सांगितलें तें असें, कीं ते काशीस गेले. आमच्याकडे काशीस गेलेलीं माणसें पुष्कळदां काशीइतकीं दूर नसत.

हें सारें आम्हांला बाबांनीं सांगितलें, तें त्यांच्या शेवटच्या आजारांत. ते सात-आठ वर्षांचे असतांना एका दिवाळींत आजीनें त्यांच्या हातीं फराळाचा डबा दिला आणि घरगड्याबरोबर कोठाऱ्यास पाठविलें. आजोबा त्या दिवशीं उमरावतीस गेले होते. डबा फाटकाशीं ठेवून परत फिरावयाचें, असा आजीचा हुकूम होता. बाबा फाटकाशीं उभे राहिले. आंतून एक गोरी बाई आली, तिनें वऱ्हाडी वळणाच्या मराठींत, तूं कोणाचा, म्हणून विचारलें, आणि डबा उचलून आंत नेला. थोड्या वेळानें दूर एका झाडाखालीं धाकटे आजोबा येऊन उभे राहिलेले बाबांना दिसले. त्यांनीं हात वर केला. मग त्या बाईनें त्यांचा तोच हात धरून त्यांना आंत नेलें. बाबांना आयुष्यभर आठवत राहिलें तें हें, कीं तिनें हात धरला. घरीं आल्यावर बाबांना विहिरीवर डोक्यावरून आंघोळ घालण्यांत आली आणि अंगावरचे कपडे जाळण्यांत आले.

आजोबा वकील होते, आणि मिशनऱ्यांविरुद्ध बोलण्यांत त्यांचा हातखंडा होता. उपाशी पोराला भाकरी देऊन त्याचा धर्म घेणें हें दान नव्हे, हा सौदा आहे; हें त्यांचें मुख्य म्हणणें. तें अगदींच निराधार होतें असें आम्ही आजही म्हणणार नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड आणि मध्यप्रांत होरपळून निघाले. रस्त्यावर पडलेलीं अनाथ मुलें उचलण्यास जे पुढें आले त्यांत मिशनऱ्यांचा भरणा मोठा होता. अकोल्याकडे अमेरिकन अलायन्स मिशन होतें. एके काळीं आमच्या गांवीं राहून डोंगरांतील कोरकू लोकांत काम केलेले अल्बर्ट नॉर्टन पुढें दौंडास मुलांचें अनाथगृह चालवीत. आणि पंडिता रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत हिंडून निराधार मुली व विधवा आपल्याबरोबर घेऊन गेल्या, त्यांतूनच केडगांवचें मुक्तिसदन वाढलें. हीं मुलें जगलीं, लिहावयास शिकलीं, सुतारकाम-शिवणकाम शिकलीं, आणि त्यांतलीं बहुतेक ख्रिस्ती झालीं. पांच वर्षांच्या पोराला धर्म निवडतां येत नाहीं, हें आजोबांचें म्हणणें खरें होतें. त्यांच्या भाषणांत एक प्रश्न मात्र कधीं येत नसे : त्या दोन वर्षांत त्या पोरांना उचलण्यास आपल्यापैकीं किती जण गेले होते ?

मिशनरी येथें आले ते मुळांत इस्पितळें काढण्यास आलेले नव्हते, ही गोष्ट त्यांचे स्तुतिपाठक विसरतात. मंडळी स्थापन करणें, म्हणजे ज्या गांवीं ख्रिस्ताचें नांव नाहीं तेथें उपासना करणारा एक जमाव उभा करणें, हा त्यांचा हेतु होता, आणि तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ सालींच येऊन राहिले होते. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें, आणि वऱ्हाडांतल्या कितीतरी घरांतले पहिले पदवीधर त्या कॉलेजांतून, ख्रिस्ती न होतां, बाहेर पडले. आमच्या भागांत मेळघाटच्या डोंगरांकडे डोळे लावून जें मंडळ आलें त्याचें नांवच मुळीं कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन असें होतें. काळ १८९० च्या सुमाराचा. अचलपुरास तेव्हां सरकारी कागदांत एलिचपूर म्हणत, आणि १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता. इमादशाहीची ही जुनी राजधानी तोंवर ओस पडत चाललेली होती. परतवाड्याची छावणी, सागवानाचा बाजार आणि डोंगरांतून उतरणारे कोरकू, एवढीच काय ती वर्दळ.

हे कोरकू म्हणजे मिशनच्या दृष्टीनें पेरणीला तयार असलेलें शेत. प्रत्यक्षांत पीक फारसें आलें नाहीं. कोरकूचा देव देवळांत कोंडलेला नाहीं. गोमेज म्हणजे सूर्य, तो रोज डोंगरावर येतो. मुठवादेव गांवाच्या कडेला दगडांच्या राशींत असतो. मेलेल्या माणसासाठीं सागवानी फळीवर चंद्र-सूर्य कोरून ती उभी करावयाची असते, आणि हें सर्व भुमकाच्या हातून, सगळ्या गोतासमक्ष व्हावें लागतें. यांतून एकट्यानें उठून जाणें म्हणजे धर्म बदलणें नव्हे, तर मरतांना एकटें असणें. कोरकूंनीं औषध घेतलें, मुलें थोडीफार शाळेंत धाडलीं, गाणीं ऐकलीं, आणि बहुतेक सारे आपल्या देवांकडे परत गेले. कांहीं थोडे राहिले. हिशेबाच्या वहीवरून पाहिलें तर एवढ्या खटाटोपाचें फळ निराशाजनकच म्हणावें लागेल.

परंतु त्या खटाटोपांतून वहींत न मावणारी एक वस्तु निघाली. जॉन ड्रेक नांवाच्या या मिशनमधल्या पाद्र्यानें कोरकू भाषेचें व्याकरण लिहिलें. तें १९०३ सालीं कलकत्त्यास बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्यें छापलें गेलें. मार्काचें शुभवर्तमानही त्यानें कोरकूंत उतरविलें. ग्रीअर्सनच्या भाषापाहणीचा मुंडा भाषांचा खंड १९०६ सालीं निघाला, त्यांत कोरकूसाठीं ड्रेकच्याच श्रमांचा आधार घेतलेला आहे. आम्ही भाषेचे अध्यापक. पण तें व्याकरण आमच्या हातीं प्रथम पडलें तेव्हां आमची पन्नाशी उलटली होती, याची लाज येथें नमूद केलेली बरी.

या व्याकरणानें आम्हांला जें कळलें तें थोडक्यांत सांगतों. कोरकू ही मराठीची पोटभाषा नव्हे, गोंडीसारखी द्राविडीही नव्हे. ती मुंडा कुळांतली. तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी, पूर्वेकडे कित्येक शें कोसांवर झारखंडांत. संथाळ दहाला 'गेल' म्हणतो, आमच्या डोंगरांतला कोरकूही 'गेल'च म्हणतो. सहाला दोघेही 'तुरुई'. मधल्या मुलुखांत हिंदी, मराठी, गोंडी पसरल्या आणि हें सर्वांत पश्चिमेकडचें बेट तेवढें उरलें. 'कोरो' म्हणजे माणूस, आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हां ज्यांना आम्ही रानटी म्हणत आलों त्यांचें स्वतःचें नांव 'माणसें' एवढेंच आहे. या भाषेंत संस्कृताप्रमाणें द्विवचन आहे. संस्कृत शिकतांना द्विवचनाच्या पायीं आम्हीं मार खाल्लेला आहे. परतवाड्याच्या बाजारांत मोळी विकणारी बाई तें सहज वापरीत होती, हें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तर मार निदान सुसह्य झाला असता.

आणखी एक गोष्ट. इंग्रजींत 'आम्ही' आणि 'आपण' यांना मिळून एकच शब्द आहे. कोण आंत आणि कोण बाहेर हें ऐकणारानें ओळखावयाचें. मराठींत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि कोरकूंतही वेगळे आहेत : ऐकणाऱ्याला धरून 'अबुंग', आणि त्याला वगळून 'आले'. इंग्रजी बोलणाऱ्या धर्मोपदेशकाला यामुळें केवढ्या पेंचांत पडावें लागत असेल, याची कल्पना करून पाहावी. सागाच्या झाडाखालीं उभा राहून, आम्ही सारे पापी आहों, असें तो म्हणतो. यांत समोर बसलेला कोरकू आला कीं नाहीं ? प्रार्थनेंत देवाला उद्देशून 'आमचा' म्हणावयाचें, तर तेथें 'आपला' चालणार नाहीं. परंतु शेजाऱ्याशीं त्याच देवाविषयीं बोलतांना 'आमचा' म्हटलें, तर शेजारी तेथल्या तेथें परका होतो. प्रत्येक वाक्याला आधीं ठरवावें लागतें, कीं समोरच्या माणसाला आंत घ्यावयाचें कीं बाहेर ठेवावयाचें. या दोन सर्वनामांत चूक करून हंसें करून घेत घेत ड्रेक ही भाषा शिकला असला पाहिजे. आमच्या पूर्वजांनीं कोरकूंशीं शेंकडों वर्षें व्यवहार केला. लाकूड घेतलें, मध घेतला, मोहाचीं फुलें घेतलीं, सावकारी केली. त्यांच्या भाषेंत हंसें करून घेण्याइतकीही गरज आम्हांला वाटली नाहीं. कोरकूनेंच मराठी शिकावी, हें गृहीत होतें.

हें ज्या भूमींत घडलें तिची आठवण ठेवली म्हणजे आश्चर्य अधिकच वाटतें. आमच्या अचलपुराहून रिद्धपूर फार दूर नाहीं. चक्रधर गुजरातेंतून आलेले. त्यांनीं या मुलुखांत येऊन येथल्या बायाबापड्यांच्या मराठींत आपला उपदेश केला. त्यांच्यामागें नागदेवाचार्यांनीं, संस्कृतांत लिहिलें तर माझ्या साध्याभोळ्या बायका वंचित होतील, या भावनेनें पंडित शिष्यांना मराठीकडे वळविलें. लीळाचरित्रांत आमच्या गांवाचा अळजपूर म्हणून उल्लेख येतो, हें आम्ही पाहुण्यांना अभिमानानें सांगतों. बाहेरून आलेल्या माणसानें खालच्या म्हटल्या जाणाऱ्या लोकांच्या भाषेंत धर्म सांगावा, हा प्रकार आम्हांला परका नव्हता. तो आमच्या ओसरीवरच झालेला होता. फक्त त्या वेळीं भाषा आमची होती.

आतां याचा अर्थ, भाषा शिकला म्हणजे मिशनरी निर्दोष ठरला, असा कोणी घेऊं नये. फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१६ सालीं त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. ओव्या सुमारें अकरा हजार. मराठीवर इतकें प्रेम करणारा परकी माणूस त्यापूर्वीं झाला नव्हता. पण ज्या साष्टींत त्या ओव्या गाइल्या गेल्या तेथल्या देवळांचा विध्वंस १५६७ सालीं होऊन चुकला होता, आणि गोव्यांत धर्मन्यायालय १५६० पासून बसलेलें होतें. ओवी गोड होती. परंतु ऐकणारा उठून जाऊं शकत होता काय, हें विचारल्याशिवाय तिच्या गोडीचें मोल करतां येत नाहीं. मेळघाटांतला कोरकू उठून जाऊं शकत होता, आणि तो गेला. ड्रेकच्या बाजूनें बोलतांना आम्हांला सर्वांत बळकट वाटणारा मुद्दा हाच आहे, कीं त्याला यश आलें नाहीं.

उलट बाजूनें नारायण वामन टिळकांचें उदाहरण आहे. १८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवला जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंवर काय ओढवलें तें स्मृतिचित्रांतून प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. टिळकांनीं पुढें अभंग केले, कीर्तनें केलीं, आणि अखेर १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्त हवा, पण तो मिशनच्या कोटांत नको, असा हा प्रकार होता. मिशनऱ्यांना टिळकांचा अभिमान वाटे, आणि थोडी अडचणही वाटे. दोन वर्षांनीं, १९१९ सालीं, टिळक वारले. तो दरबार त्यांच्यामागें फार भरला नाहीं.

आजोबांकडे परत येतों. १९५४ सालीं मध्यप्रदेश सरकारनें मिशनऱ्यांच्या हालचालींची चौकशी करण्यासाठीं नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. वऱ्हाड तेव्हां मध्यप्रदेशांतच होतें. समितीनें एक लांबलचक प्रश्नावली काढली होती. शाळा आणि इस्पितळें यांचा उपयोग धर्मांतरासाठीं होतो काय, हा त्या चौकशीचा गाभा; आणि होतो, असाच निष्कर्ष १९५६ च्या अहवालांत आला. (ज्या वर्षीं हा अहवाल निघाला त्याच वर्षीं १४ ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेणाऱ्यांत हे नियोगी स्वतः होते. माणसाचें मन कोणत्या वाटेनें कोठें जाईल, हें चौकशी-समित्यांना कळण्यासारखें नसावें.) आजोबांनीं त्या प्रश्नावलीला सविस्तर उत्तर लिहिलें होतें, असें आम्ही ऐकून होतों.

बाबा गेल्यावर जुने कागद आवरतांना तें उत्तर आमच्या हातीं लागलें. वकिली कागदांच्या तांबड्या फितीनें बांधलेला तो कच्चा खर्डा होता. आजोबा कागदाचे मोठे काटकसरी. पाठकोरा कागद ते टाकीत नसत. खर्ड्याचीं चार पानें उलटून पाहिलीं, तर त्यांच्या मागें दुसरेंच अक्षर, मोत्यासारखें. तीं धाकट्या आजोबांचीं पत्रें होतीं, कोठाऱ्याहून आलेलीं.

पत्रांत तक्रार नाहीं. पहिल्यांत चष्मा मागितला आहे. दुसऱ्यांत कडुकवठीच्या तेलाच्या टोंचण्या फार दुखतात असें लिहून, पुढच्याच ओळींत रोग्यांच्या मुलांना बाराखडी शिकवावयास घेतल्याचें कळविलें आहे. आणि शेजारच्या खाटेवर चिखलदऱ्याकडचा एक कोरकू म्हातारा आहे, त्याच्याकडून आपण त्याची भाषा शिकत आहों, म्हणून समासांत वीस-पंचवीस शब्द मांडले आहेत. तिसऱ्यांत लिहिलें आहे, कीं रविवारीं मंडळींत बसतों, आणि एकादशीही चुकत नाहीं. त्यांनीं बाप्तिस्मा घेतला कीं नाहीं, हें या एका वाक्यावरून ठरविण्याचा आम्हीं पुष्कळ प्रयत्न केला. तें ठरत नाहीं. चौथें पत्र १९५५ सालचें. नवीन गोळ्या निघाल्या, त्या कांहीं वर्षें घेतल्या, आणि लागोपाठच्या तपासण्यांत रोगाचे जंतु सांपडले नाहींत. डॉक्टर म्हणतात, घरीं जावयास हरकत नाहीं. राहावयास येणार नाहीं. भाद्रपदांत आईच्या श्राद्धतिथीला येऊन ओसरीवर बसूं दिलें तर पुरे. जेवण बरोबर आणीन.

त्याच कागदाच्या मागल्या बाजूला आजोबांनीं एका प्रश्नाच्या उत्तराचा खर्डा लिहिलेला आहे. मिशनरी लोक रुग्णांच्या असहायतेचा फायदा घेऊन त्यांना त्यांच्या कुटुंबांपासून तोडतात, असा त्याचा आशय आहे. वाक्यें दोनतीनदां खोडून पुन्हां लिहिलेलीं आहेत. भाषा उत्तम आहे.

धाकटे आजोबा त्या भाद्रपदांत आले नाहींत. पत्राला उत्तर गेलें नाहीं, असें बाबा सांगत. १९६० च्या सुमारास ते वारल्याचा निरोप आला, तेव्हांही कोणी गेलें नाहीं. आजोबांना दुष्ट म्हणणें आम्हांला शक्य नाहीं. त्यांना चार मुली उजवावयाच्या होत्या, आणि घरांत महारोग आहे असें कळल्यावर त्या काळीं मुली तशाच राहत. हॅन्सेननें १८७३ सालीं या रोगाचा जंतु शोधून काढला होता, तो पिढीजात नाहीं हें पुस्तकांत आलें होतें. पण लग्नें पुस्तकांत जमत नाहींत. महारोग्यांना कोंडण्याचा १८९८ चा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडलें, आणि हा रोग घटस्फोटाचें कारण म्हणून कायद्यांतून निघाला तो २०१९ सालीं. आपलीं माणसेंही पुढें आलीं : दत्तपुरास मनोहर दिवाण, अमरावतीस तपोवनांत १९४६ पासून शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्यास बाबा आमटे. पण त्या पहाटे आमच्या मागच्या दाराशीं रेंगी उभी राहिली तेव्हां जवळपास जावयाला जागा एकच होती, आणि ती परक्यांनीं करून ठेवलेली होती. तेथें त्यांनीं धाकट्या आजोबांना कुटुंबापासून तोडलें नाहीं. तोडण्यासारखें कांहीं आम्हीं शिल्लकच ठेवलें नव्हतें.

गेल्या वर्षीं आम्ही कोठाऱ्यास जाऊन आलों. साठ वर्षांपूर्वींची कांहीं नोंद आहे काय, असें विचारावयाचें ठरवून गेलों होतों; तेथें बाहेर बांकावर इतर रोग्यांबरोबर बसलों, आणि विचारलें नाहीं. नोंदवहींत ख्रिस्ती नांव निघालें असतें तर आम्हांला वाईट वाटलें असतें काय, या प्रश्नाचें उत्तर तोंवर आमचें आम्हांलाच देतां येईना. पलीकडे एक म्हातारी आपल्या नातवाशीं भराभर बोलत होती. त्यांतला एकही शब्द आम्हांला समजला नाहीं, पण दोनदां 'आले' ऐकूं आलें. आमचा त्यांत समावेश नसल्याचें तेवढें कळलें.

आमच्या वर्गांत धारणीकडचा एक विद्यार्थी आहे. दोन वर्षें आम्ही त्याला शिकवीत होतों, आणि तो घरीं कोरकू बोलतो हें आम्हांला ठाऊक नव्हतें. त्यानें सांगितलें नाहीं, आम्हींही विचारलें नाहीं. त्याला धाकट्या आजोबांच्या पत्रांतले समासांतले शब्द दाखविले. पहिल्यानें तो संकोचला, मग मोठ्यानें वाचूं लागला, आणि मधूनच हंसला. हे शब्द कोणीं लिहिले, म्हणून त्यानें विचारलें. आमच्या आजोबांच्या भावानें, असें आम्हीं सांगितलें. तें पान आणि ड्रेकच्या व्याकरणांतलीं कांहीं पानें यांच्या छायाप्रती त्यानें घरीं नेल्या. सोमवारीं परत आला तेव्हां त्या पानांवर शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याच्या आजीला सगळें वाचून दाखविलें, असें तो म्हणाला. साहेबाचे तीन शब्द चुकले आहेत असें तिचें म्हणणें पडलें, आणि धाकट्या आजोबांचा एक.